वरच्या पापणीवरील फुगवटा : चरबी की उतरलेली अश्रुग्रंथी? शस्त्रक्रियेपूर्वी सल्ला हवा

गोदाकाठ
नमस्कार. माझी आई 68 वर्षांची असून नाशिकला गंगापूर रोडवर आमच्यासोबत राहते. गेल्या काही वर्षांत तिच्या दोन्ही वरच्या पापण्या बऱ्याच उतरल्या आहेत. त्वचेची घडी पापणीच्या केसांवर टेकते आणि वाचताना ती नकळत भुवया वर ओढून धरते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिचे कपाळ ठणकू लागते. त्याखेरीज दोन्ही पापण्यांच्या बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या बाजूला एक मऊसर फुगवटा आला आहे. बोटाने हलकेच दाबला तर तो आत सरकतो आणि बोट काढले की पुन्हा खाली येतो.

एका सर्जनांनी ही चरबी असून जास्तीच्या त्वचेबरोबर ती काढून टाकू असे सांगितले. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांचे मत नेमके उलट पडले. त्यांच्या मते ती वयानुसार खाली उतरलेली अश्रुग्रंथी असावी. ती कापायची नसते, टाका घालून मूळ जागी बसवायची असते आणि त्याआधी आईच्या डोळ्यांत अश्रू पुरेसे तयार होतात का, हे तपासायला हवे. आईच्या डोळ्यांतून तर वारा लागला की पाणी वाहते, मग अश्रू कमी कसे असतील, हे आम्हाला उमगत नाही. ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

द्राक्षमळा
ताई, मी पिंपळगाव बसवंतचा, वय 61. माझ्या दोन्ही वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून लिहितो. द्राक्षांच्या विरळणीच्या दिवसांत आम्हाला मांडवाखाली मान वर करून घडाघडावर कात्री चालवावी लागते. समोरचे व्यवस्थित दिसायचे, पण वरचा घड पाहायचा म्हटले की पापणीचे कातडे आड यायचे आणि मान आणखी मागे टाकावी लागायची. मानेच्या दुखण्यावर औषधे घेऊन झाली, तेव्हा कुठे अस्थिरोगतज्ज्ञांनीच मला डोळे दाखवायला सांगितले.

नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी दोन वेळा केली, एकदा पापणी जशी आहे तशी ठेवून आणि एकदा कातडे चिकटपट्टीने वर उचलून. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर वरच्या बाजूचा काळा भाग दुसऱ्या कागदावर किती कमी झाला ते माझे मलाच दिसले. शस्त्रक्रिया जागेवर भूल देऊन झाली आणि टाके आठवड्याने काढले. पुढचे काही आठवडे फवारणी आणि गंधकाच्या धुरळणीपासून दूर राहायला सांगितले होते, म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या बऱ्याच आधी, पावसाळ्यातच मी ते उरकून घेतले. त्याआधी नातू मला विचारायचा, "आजोबा, तुम्ही जागे आहात की झोपलात?" आता विचारत नाही. मात्र माझ्या बाबतीत केवळ कातडे जास्त होते, ग्रंथीचा प्रश्न नव्हता.

सहजजीवन
थोडे वेगळे मत मांडतो. वय झाले की त्वचा सैल पडते, पापण्या उतरतात, हे निसर्गक्रमाने होणारच. गोदाकाठ यांच्या आईंना 68 व्या वर्षी डोळ्यासारख्या नाजूक जागी सुरी लावून घेण्याची खरोखर आवश्यकता आहे का? वार्धक्यातील प्रत्येक बदलाला आजार ठरवून त्यावर उपचार शोधण्याची सवय आपल्याला लागत चालली आहे आणि त्यात ज्येष्ठांचेच हाल होतात, असे मला मनापासून वाटते.

मृणाल_इंदिरानगर
सहजजीवन, तुमची काळजी समजते, पण कपाळ दुखणे आणि वरचे न दिसणे हा सुरकुत्यांचा प्रश्न नाही. पायरी उतरताना, रस्ता ओलांडताना दृष्टीचा वरचा आणि बाजूचा भाग झाकलेला असणे धोक्याचे आहे. मी तर पुढे जाऊन असे म्हणेन की, एखाद्या ज्येष्ठ स्त्रीला केवळ आपला चेहरा थकलेला दिसू नये असे वाटत असेल, तरी त्या इच्छेला कमी लेखण्याचे कारण नाही. निर्णय तिचा असावा आणि तो पूर्ण माहितीनिशी घेतलेला असावा.

नेत्रवैद्य
मी नेत्रतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष न तपासता निदान करता येत नाही, तरीही गोदाकाठ यांनी जे वर्णन केले आहे, त्याबद्दल सर्वसाधारण माहिती देणे मला आवश्यक वाटते, कारण याच ठिकाणी चूक झाली तर ती भरून काढणे फार अवघड जाते.

वरच्या पापणीत चरबीचे दोन कप्पे असतात. एक मधला आणि दुसरा नाकाकडचा. मधल्या कप्प्यातील चरबी पिवळी असते, नाकाकडची फिकट, पांढुरकी असते. कानाकडच्या बाजूला चरबीचा स्वतंत्र कप्पा नसतो. तिथे, कपाळाच्या हाडातील एका खोलगट जागेत, अश्रुग्रंथी बसलेली असते. म्हणून वय वाढल्यावर नाकाकडच्या कोपऱ्यात फुगवटा दिसला तर तो बहुधा चरबीचा असतो, पण बाहेरच्या बाजूचा फुगवटा दिसला की सर्वप्रथम अश्रुग्रंथीचा विचार करायचा, असे आम्हाला शिकवले जाते. दाबल्यावर आत सरकणे आणि सोडल्यावर पुन्हा उतरणे हेही त्याच्याशी जुळते. शस्त्रक्रियेत ती डोळ्यांनी ओळखता येते, कारण ती चरबीसारखी पिवळी आणि सैल नसून करडी-गुलाबी, दाणेदार आणि थोडी घट्ट असते.

ती खाली का येते? तिला हाडाच्या कडेमागे धरून ठेवणारे तंतू आणि समोरचा पडदा वयानुसार सैल होतात. नवार सैल पडलेल्या पलंगाला जसा झोळ येतो, तसे ते होते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, वयानुसार ही ग्रंथी मोठी होत नाही, उलट हळूहळू आक्रसत जाते. त्यामुळे उतारवयात ती खरोखरच मोठी, कडक, दुखरी किंवा एकाच बाजूला फुगलेली आढळली, तर "वयाने उतरली" असे म्हणून सोडून देऊ नये. ग्रंथीची सूज, थायरॉइडशी निगडित नेत्रविकार, सारकॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार), लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) किंवा ग्रंथीतील गाठ यांचा शोध घ्यावा लागतो आणि त्यासाठी सीटी किंवा एमआरआय, क्वचित बायोप्सीही लागते.

आता कापण्याबद्दल. या ग्रंथीचे दोन भाग असतात, एक डोळ्याच्या खोबणीतला मोठा आणि एक पापणीतला छोटा. त्यांच्यामधून पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या पडद्याची बाहेरची कड जाते. ग्रंथीतून साधारण 8 ते 12 सूक्ष्म नलिका निघतात आणि मोठ्या भागाच्या नलिकाही छोट्या भागातून किंवा त्याला लागूनच पुढे येऊन वरच्या पापणीच्या आतील घडीत उघडतात. त्यामुळे छोटा भाग कापला गेला की मोठ्या भागात अश्रू तयार होऊनही त्यांची डोळ्यात येण्याची वाट बंद होऊ शकते. म्हणूनच निरोगी ग्रंथी उतरली असेल तर ती काढून टाकत नाहीत. हाडाच्या कडेच्या आतल्या बाजूच्या आवरणाला टाका घेऊन ती मूळ जागी टांगतात. वरच्या पापणीची शस्त्रक्रिया चालू असतानाच, त्याच छेदातून हे करता येते.

गोदाकाठ
डॉक्टर, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आईला वाचून दाखवले. आईचा फुगवटा दोन्ही बाजूंना सारखा आहे, दुखत नाही. पाणी वाहण्याबद्दलची शंका मात्र तशीच राहिली.

नेत्रवैद्य
ती शंका रुग्णालयात रोजच ऐकू येते. डोळ्याचा पृष्ठभाग ओला ठेवणारा अश्रूंचा थर पाणी, श्लेष्मा आणि तेल यांचा मिळून बनलेला असतो. तेल पापणीच्या कडेतील मायबोमियन ग्रंथींतून येते. वयानुसार अश्रुग्रंथीचे स्रवण घटते आणि या तेलग्रंथीही तुंबू लागतात. तेल कमी पडले की उरलेले पाणी लवकर उडून जाते. असा कोरडा पडलेला डोळा वाऱ्याने चुरचुरला की प्रतिक्षिप्त क्रियेने एकदम भरपूर पाणी सुटते, पण ते टिकत नाही. म्हणजे कोरडेपणा आणि पाणी वाहणे एकाच डोळ्यात असू शकते. अर्थात, खालची पापणी सैल पडणे किंवा नाकाकडे जाणारी अश्रुनलिका बंद होणे हीदेखील पाणी वाहण्याची कारणे आहेत, तीही तपासून घ्यावीत.

अनामिका_सिडको
मी सहसा लिहीत नाही, पण इथे लिहिणे मला कर्तव्य वाटते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात माझ्या वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया झाली. बाहेरच्या कोपऱ्यातील "चरबी" काढल्याचे मला सांगण्यात आले होते. त्यापूर्वी अश्रूंची कोणतीही तपासणी झाली नव्हती. त्यानंतर माझे डोळे इतके कोरडे झाले की, सकाळी उठल्यावर पापणी उघडण्यापूर्वी थेंब घालावे लागतात, नाहीतर डोळ्यावर ओरखडा उठल्यासारखी कळ येते. त्वचाही जास्त कापली गेल्यामुळे झोपेत डावा डोळा पूर्ण मिटत नाही. रात्री मलम लावून, वरून पट्टी चिकटवून झोपते. पुढे ज्या डॉक्टरांनी तपासले, त्यांनी काढलेल्या भागात ग्रंथीचा अंश असण्याची शक्यता बोलून दाखवली, पण काढलेला भाग तपासणीसाठी ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे खात्रीने काही कळू शकले नाही.

शस्त्रक्रिया वाईट असते असे माझे म्हणणे मुळीच नाही. द्राक्षमळा यांचा अनुभव वाचून आनंदच झाला. गोदाकाठताई, तुम्हाला दुसरे मत मिळाले आहे, ते हातचे सोडू नका.

मृणाल_इंदिरानगर
अनामिकाताई, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल तुमचे फार फार आभार.

प्रेसवाले_काका
मी नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी केली, बारीक नक्षी तपासण्यात आयुष्य गेले, त्यामुळे डोळ्यांविषयी विशेष हळवा आहे. माझ्याही पापण्या उतरल्या आहेत, पण माझ्या डॉक्टरांनी सांगितले की, मला जास्तीच्या त्वचेपेक्षा पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पडदा सैल होण्याचा त्रास अधिक आहे, त्यामुळे नुसती त्वचा कापून पापणी वर येणार नाही. दोन प्रश्न विचारतो. हा फरक कसा ओळखतात? आणि माझ्या हृदयात स्टेंट असून मी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेतो. त्या बंद कराव्या लागतील का?

नेत्रवैद्य
काका, समोर पाहताना बुबुळाच्या मध्यावर पडलेल्या प्रकाशबिंदूपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर आम्ही मोजतो. ते सर्वसाधारणपणे 4 ते 5 मिलिमीटर असते. त्वचेची घडी हाताने उचलून धरल्यावर पापणीची मूळ कड योग्य उंचीवर असेल तर दोष त्वचेचा. कडच खाली असेल तर तो टोसिस, आणि त्यात स्नायूचा पडदा पुन्हा घट्ट बसवावा लागतो. भुवई उतरल्यामुळेही सारी त्वचा खाली आल्यासारखी दिसते, म्हणून भुवईही तपासतात.

गोळ्यांबद्दल अगदी स्पष्ट सांगतो. त्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने गोळ्या अचानक थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. त्या चालू ठेवायच्या, बदलायच्या की काही दिवस थांबवायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि नेत्रशल्यचिकित्सक यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचे असते. दुसरीकडे, पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर खोबणीत रक्तस्राव होणे दुर्मीळ असले तरी गंभीर असते. असह्य वेदना, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे किंवा दिसणे कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणखी एक. पापणी एकाएकी उतरली, सोबत दोन-दोन दिसू लागले किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर ते वयाचे लक्षण नव्हे, मेंदूशी संबंधित तातडीची बाब असू शकते. पापणी सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी थकून उतरते असे असेल तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची, तपासणी करावी लागते.

प्रेसवाले_काका
आभारी आहे. विम्याचा अनुभवही सांगून ठेवतो. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांचा दावा सुरुवातीला सौंदर्योपचार म्हणून नाकारला गेला. आरोग्य विम्यात केवळ दिसणे बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि प्रकृतीला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी आवश्यक म्हणून प्रमाणित केलेले उपचार, एवढाच अपवाद आहे. म्हणून दृष्टिक्षेत्राचे दोन्ही अहवाल, छायाचित्रे आणि डॉक्टरांचे लेखी मत जोडून शस्त्रक्रियेआधीच विमा कंपनीकडे विचारणा करावी. नंतर कागद जमवताना फार त्रास होतो.

पंचवटीकर
कोरडेपणाचा विषय निघाला म्हणून विचारतो. थंडीत आपल्याकडे, विशेषतः निफाडच्या बाजूला, हवा कोरडी पडते, तेव्हा दुचाकी चालवताना माझे डोळे चुरचुरतात. औषधाच्या दुकानातून लालपणा घालवणारे थेंब आणून घालतो, तात्पुरते बरे वाटते. हे चालेल का?

नेत्रवैद्य
लालपणा घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात, कोरडेपणा कमी करत नाहीत आणि सतत वापरले तर ते थांबवल्यावर लाली वाढते. त्याऐवजी कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत. दिवसातून अनेकदा लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्यावेत. दुचाकीवर डोळे झाकणारा चष्मा, पापण्यांना कोमट शेक आणि संगणकासमोर मुद्दाम पूर्ण मिटून केलेली उघडझाप यांचाही उपयोग होतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी आणि नैराश्यावरील काही औषधांनीही कोरडेपणा वाढतो, म्हणून घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर शोग्रेन विकाराच्या (यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते) दृष्टीने रक्ततपासणी करून घ्यावी.

द्राक्षमळा
फवारणी करणाऱ्या माझ्या शेतकरी बांधवांनीही डोळे झाकणारा चष्मा वापरावा, हे इथे जोडतो. आमच्याकडे तोंडाला रुमाल बांधतात आणि डोळे उघडेच ठेवतात.

सहजजीवन
अनामिका यांचा अनुभव आणि डॉक्टरांचे विवेचन वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, प्रश्न शस्त्रक्रिया करावी की नाही एवढाच नाही, ती कोणत्या तपासणीनंतर आणि कोणाकडून करावी हा अधिक महत्त्वाचा आहे. तरीही घाई नसेल तर थांबण्याचा पर्याय रुग्णापुढे प्रामाणिकपणे ठेवला जावा, या मताला मी धरून आहे.

नेत्रवैद्य
थांबण्याच्या पर्यायाशी मी सहमत आहे. वयाने उतरलेली ग्रंथी केवळ उतरली आहे म्हणून डोळ्याला धोका पोहोचवत नाही. दृष्टीला अडथळा किंवा त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवणेही योग्य ठरते.

गोदाकाठ
मूळ प्रश्नाकडे परत येऊन पुढचे कळवते. आईला पापण्यांच्या शस्त्रक्रियांचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या ऑक्युलोप्लास्टी सर्जनांना दाखवले. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची छोटी पट्टी अडकवून पाच मिनिटे डोळे मिटून बसायला सांगितले. 10 मिलिमीटरपेक्षा अधिक ओली झाली तर सामान्यतः पुरेसे मानतात. आईची पट्टी उजव्या डोळ्यात 6 आणि डाव्या डोळ्यात 7 मिलिमीटर ओली झाली. नंतर डोळ्यात पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहिले. 10 सेकंद टिकायला हवा, तो त्याच्या बराच आधी फाटत होता. अश्रुनलिका मोकळ्या आहेत. पापणी बाहेरच्या कोपऱ्यात हलकेच वर उचलून आईला खाली आणि नाकाकडे पाहायला सांगितले, तेव्हा पापणीखाली ग्रंथीचा गुलाबी दाणेदार भाग मलाही स्पष्ट दिसला. डॉक्टरांनी इथे वर्णन केला होता तसाच.

त्यांचे म्हणणे असे की, कोरडेपणावर आधी काही महिने उपचार करावेत, पट्टीची तपासणी पुन्हा करावी आणि मग शस्त्रक्रिया करायची तर त्वचा बेताचीच काढावी, ग्रंथी टाक्याने जागी बसवावी. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण 20 मिलिमीटर त्वचा शिल्लक राहिली पाहिजे, म्हणजे डोळा पूर्ण मिटतो, असे त्यांनी आईच्या पापणीवर पट्टी धरून दाखवले. फुगवटा काही काळाने पुन्हा थोडा उतरू शकतो, हेही त्यांनी आधीच सांगितले.

आईला हे पटले आहे. उपचार सुरू झाले असून पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.

अनामिका_सिडको
फार बरे वाटले. आईंना एवढेच सांगा की, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर ग्रंथी काढणार नाही, बसवणार आहोत, असे लिहून घ्यावे आणि काही भाग काढावाच लागला तर तो तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

नेत्रवैद्य
अनामिकाताईंची सूचना अत्यंत योग्य आहे. त्यात एक भर घालतो. शस्त्रक्रियेपूर्वीची डोळे उघडे आणि मिटलेले अशी छायाचित्रे आणि पट्टीच्या चाचणीचे आकडे यांची प्रत आईंच्या स्वतःच्या फाइलमध्ये असू द्या. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर कोरडेपणाची ही नोंद भिंगाचा नंबर ठरवणाऱ्या डॉक्टरांनाही लागेल.

गोदाकाठ
दोन्ही सूचना लिहून घेतल्या आहेत. अनामिकाताई, तुमची हरकत नसेल तर मी तुम्हाला संदेश पाठवते. आईच्या डॉक्टरांनी रात्री डोळा उघडा राहणाऱ्यांसाठी ओलावा टिकवणाऱ्या चष्म्याबद्दल सांगितले, तो तुमच्या उपयोगी पडेल का, हे त्यांनाच विचारून तुम्हाला कळवते.